गाडी विकणार नाही, आक्का

आक्का, गाडी विकलेली नाही. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मग.

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. जाताना तू तुझ्या लेकाला, बंड्याला, सांगून गेलीस की सुलीला आता गाडी चालवू देऊ नको, विकून टाक. मला नाही सांगितलंस. तीन दिवस मी हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसून होते, मोसंब्याचा रस चमच्या-चमच्याने पाजत होते, तू मला "उशी सारखी कर" म्हणालीस, "खिडकी लाव" म्हणालीस, त्या नर्सच्या बेलफळाएवढ्या अंबाड्याबद्दलसुद्धा बोललीस. आणि मी चहा प्यायला खाली गेले की लेकाला जवळ ओढून ही कुजबुज. पन्नास वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केलेल्या जावा आपण. तेव्हा आता मी बोलते आणि तू ऐक. तुला उलट उत्तर देता येणार नाही, अशी सोय मला जन्मात पहिल्यांदाच मिळाली आहे.

तेराव्याला आलेली माणसं तुझ्याबद्दल फार चांगलं बोलली. सोशीक होती म्हणाली. मी मान डोलावत आमटी वाढत राहिले. कुणाला काय सांगायचं की ही सोशीक बाई गाडीचं बॉनेट दोनदा जोरात आपटलं म्हणून माझ्याशी आठवडाभर बोलत नसे. शांत होती, असंही कुणी म्हणालं. त्यांना मी पापड वाढला.

गाडी आली तेव्हा मी बेचाळीसची होते, आठवतंय? आपल्या दोघींचे नवरे बोटीवर. भाऊजी इंजिनरूममध्ये, आमचे हे डेकवर. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. त्या वर्षी दोघे भाऊ योगायोगाने एकदम सुट्टीवर आले, ही पांढरी गाडी घेतली, पूजा केली, चार ठिकाणी मिरवली, आणि अंगणात घराकडे तोंड करून उभी करून पुन्हा बोटीवर चढले. घरात सासूबाई, दोन जावा आणि एक गाडी. कुणालाच चालवता येत नाही.

मी शिकले. कशी शिकले ते तुला माहीत आहे, पण त्या वेळच्या माझ्या ध्यानाला हसल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पहिला क्लच दाबायच्या आधी मी काळा गॉगल घेतला. साडीला मॅचिंग पर्स घेतली. रत्नागिरीच्या त्या शिकवणाऱ्या मास्तरांना पहिल्या दिवशी विचारलं, "हॉर्न कुठे असतो?" बाकी गाडीत काय असतं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. पेट्रोल घातलं की गाडी चालते, एवढं माझं शास्त्र. इंजिनाला वेगळं तेल लागतं हे ऐकल्यावर मी म्हणाले होते, "कशाला? पेट्रोल काय कोरडं असतं?" आणि तू, जी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होतीस, सूप बाजूला ठेवून माझ्याकडे असं बघितलंस की ते बघणं मी अजून विसरले नाही.

तू गाडी चालवली नाहीस कधी. "मला त्या चाकापाशी बसवू नका, मी ते उपटून हातात घेईन," म्हणालीस. पण इंजिन तुला कळलं. भाऊजींनी जाताना कागद लिहून ठेवला होता, बोटीवरच्या शिस्तीने, आकडे घालून. एक, रोज सकाळी इंजिन ऑइल बघणे. दोन, ऑइल मोजायची पट्टी पुसून परत घालून मग बघणे. तीन, पट्टीवरच्या खालच्या खुणेखाली असल्यास भर घालणे. खाली सही. सही कशाला केली होती त्यांनी, देव जाणे. घरच्या कागदावर सही करणारा माणूस.

आणि आपण दोघींनी तो कागद पाळला. गाडी महिना-महिना जागची हलत नव्हती, पण सकाळी चहा झाला की तू जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन यायचीस, मी बॉनेट उघडून काठी लावायचे. तू पट्टी ओढायचीस, पुसायचीस, घालायचीस, परत ओढायचीस, आणि नाकासमोर धरून म्हणायचीस, "कमीच गो." मी ओतायचे. दुसऱ्या दिवशी परत, "कमीच दिसतंय." मी परत ओतायचे. मला वाटलं गाडीची भूक मोठी आहे. आपल्या घरात पाहुण्याला अर्धवट वाढायची रीत नाही, तर गाडीला का वाढायचं? समईत घालावं तसं मी हात सैल सोडून घालत होते. तू एकदासुद्धा म्हणाली नाहीस की उभ्या गाडीचं ऑइल जातं कुठे. हे मी अठ्ठावीस वर्षं तुला ऐकवत आले, आजही ऐकवते. पट्टी तू वाचत होतीस.

मग एक दिवस सासूबाईंना पावसला देवदर्शनाला न्यायचं ठरलं. गाडी सुरू केली आणि मागून असा धूर निघाला की वाडीतली दोन माणसं कळशी घेऊन धावत आली. सासूबाई मागच्या सीटवर डोळे मिटून स्तोत्र म्हणत होत्या, त्यांना वाटलं देवळात पोचलो, आरती चालू आहे.

पावस राहिलं. गाडी कशीबशी हातखंब्याला इस्माईल मेस्त्रींकडे नेली. त्यांनी पट्टी ओढली, तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बाई, गाडी पोटुशी आहे काय? इतकं भरवलंत ते?"

"रोज कमी दाखवत होती," तू म्हणालीस.

"उभी कुठे करता?"

तू हाताने दाखवलंस, असं. घर वर, बेड्याचं फाटक खाली, मधे अंगण. आपल्याकडे अंगण म्हणजे उतारच.

मेस्त्री हसले नाहीत. त्यांनी एका पसरट डब्यात पाणी घेतलं, तो कलता केला आणि पाणी एका कडेला गोळा झालेलं दाखवलं. "पट्टी इंजिनाच्या पुढच्या अंगाला. गाडीचं तोंड वर, तर ऑइल सगळं मागे. पट्टीला लागणार काय? तुम्ही घालताय, ते मागे जातंय. सपाट जागेवर बघायचं असतं, बाई."

"रत्नागिरीत सपाट जागा," तू म्हणालीस, "मेस्त्री, समुद्रावर उभी करू काय?"

तेव्हा मात्र ते हसले. मग त्यांनीच सांगितलं की सड्यावर न्या. वर कातळ सपाट आहे, परातीसारखा. पण तिथवर चालवत नेली की ऑइल सगळं वर इंजिनात चढलेलं असणार, म्हणून पोचल्यावर बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. ते सगळं खाली उतरू दे, मग पट्टी बघा.

ती दहा मिनिटं, आक्का.

त्यानंतर दर शनिवारी सकाळी आपण सड्यावर गेलो. सासूबाई म्हणायच्या, "तेल बघायला दोघी कशाला लागतात?" तू म्हणायचीस, "एक पट्टी धरते, एक घड्याळ." आणि त्यांना ते पटायचं, कारण भाऊजींच्या कागदात दहा मिनिटांचा उल्लेख नव्हता आणि मेस्त्रींच्या ज्ञानापुढे बोलायची त्यांची छाती नव्हती. बावीस वर्षं मी तुला "तुम्ही" म्हणत होते. त्याच रस्त्याला चढावर गाडी मागे घसरायला लागली आणि मी ओरडले, "दगड लाव गो आक्का, दगड लाव." तू उडी मारून उतरलीस, चाकामागे चिरा लावलास, धापा टाकत परत येऊन बसलीस आणि म्हणालीस, "तू म्हणालीस मला." मी घाबरले. तू म्हणालीस, "असूदे. आता परत तुम्ही म्हणू नको, पाय दुखतात माझे."

गाडी बंद करून आपण कातळावर पाय पसरून बसायचो. खाली माडांचे शेंडे, पलीकडे पाणी. घरात सासूबाईंचे कान, वाडीत बारा घरांचे, इथे कुणी नाही. पहिल्या दहा मिनिटांत आपण काहीच बोललो नाही, आठवतं? इतकी मोकळीक कशी वापरतात ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या शनिवारी तू एकदम विचारलंस, "तुला तो आवडतो काय गो, तुझा नवरा?"

मी म्हणाले, "ओळख व्हायच्या आत जातात."

तू इतकी हसलीस की घड्याळ बघायचं राहिलं. मग हसता हसता तुझे डोळे भरले आणि तू पदराने पुसलेस, नंतर लक्षात आलं की पदर नाही, ऑइलचा फडका होता. कपाळापासून गालापर्यंत काळा पट्टा. तशीच घरी आलीस. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणालीस, "गाडीने बघितलं माझ्याकडे."

माझं आणि तुझं भांडण तिथलंच. मी म्हणायचे पाच मिनिटं पुरेत, ऑइल काय मधासारखं उतरतं काय? तू म्हणायचीस दहा म्हणजे दहा. मी म्हणायचे, मग रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचंच खरं, तेच बघावं. तू म्हणायचीस, बघ की, रात्री सड्यावर झोपायला जा. ह्या वादाचा निकाल लागला नाही. आणि आता कबूल करते, मला पाच मिनिटं हवी होती ती घरी काम होतं म्हणून नाही. मी भाव खात होते. मला सगळं लवकर कळतं, असं दाखवायची हौस होती. बेचाळिसाव्या वर्षी गॉगल घालून क्लच जाळणारी बाई आणखी काय करणार.

भाऊजी गेले, आमचे हे गेले, सासूबाई तर त्याच्याही आधी. मुलं ठाण्याला, पुण्याला. घरात तू आणि मी आणि गाडी. एक शनिवार चुकला नाही. चालवायची मी, डावीकडे बसायची तू, मांडीवर फडका आणि ऑइलचा डबा. आता ह्या माघात तू गेलीस. आणि तुझ्या तेराव्याची भांडी घासून पालथी घातली नाहीत तोवर बंड्या म्हणाला, "काकी, गाडीसाठी एक माणूस येतोय हातखंब्याहून. बघून जाईल."

"कुणाची गाडी?"

"आपली."

"मी विकायला काढलेली नाही."

"काकी, तू सत्तरची आहेस."

"सत्तर किलोमीटरचं म्हणत असशील तर जाते कधी कधी."

त्याने मोबाईल खिशात घातला आणि तुझ्यासारखाच ओठ आवळून उभा राहिला. तो ओठ बघितला की मला तुमच्या दोघांशी एकदम भांडावंसं वाटतं.

तर तो माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, हातात दोन फोन. गाडीभोवती फिरला, दारं उघडून लावून बघितली, टायरला लाथ मारली. ती लाथ मला लागली. मग बॉनेट उघडलं आणि तिथेच, अंगणात, घराकडे तोंड करून उभ्या गाडीची पट्टी ओढली. पुसली, घातली, परत ओढली. टोकाला जेमतेम ओल.

"ऑइल पिते गाडी," तो बंड्याला म्हणाला. "इंजिन गेलंय हो हिचं."

आक्का, मी पायरीवर बसून लसूण सोलत होते. माझं तोंड उघडलं होतं. मग मी ते मिटलं. एक पाकळी सोलली, दुसरी सोलली. हातखंब्याचा माणूस, रोज गाड्या घेतो विकतो, आणि मेस्त्रींनी डब्यातल्या पाण्याने जे शिकवलं ते त्याला ठाऊक नाही. मी का सांगू? तो गेला. मी लसणाचं ताट घेऊन आत गेले आणि चुलीपाशी उभी राहून इतकी हसले की ठसका लागला. तू असतीस तर पाठीत धपाटा घालून पाणी दिलं असतंस.

पण माझी चाल माझ्यावरच उलटली. संध्याकाळी बंड्या म्हणाला, "बघितलंस ना, इंजिनच गेलंय. मग विकायची तरी कशाला. परवा भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय."

मी रात्रीचं जेवले नाही. आणि सकाळी आठला त्याच्यापुढे किल्ली वाजवत उभी राहिले. "बस गाडीत. तुला एक दाखवायचंय. मग भंगारात घाल नाहीतर देव्हाऱ्यात."

"मी चालवतो."

"सड्याचा रस्ता तुला येत नाही. तिथे चढावर तुझ्यासारख्यांची बंद पडते."

तो तुझ्या सीटवर बसला. फडका मांडीवर घ्यायला सांगितलं तर म्हणाला, "काकी, पँट नवीन आहे." मी गाडी काढली. वाडीतून वर जाताना दोन्हीकडच्या दगडी गडग्यांच्या मधून रस्ता जातो तिथे मी नेहमीसारखी, सफाईने, जरा ऐटीतच घेतली. पोराला दाखवायचं होतं ना. आणि तो ओरडला.

"काकी, डावीकडे. काकी, बाई."

मी ब्रेक मारला. गवताचा भारा डोक्यावर घेतलेली पार्वती डाव्या गडग्याला पाठ चिकटवून उभी होती. आपल्या वाडीतलीच पार्वती, तिच्या बारशाला मी कानात कुर्र केलंय. बॉनेटपासून हातभर. ती घाबरली नव्हती, चिडली होती.

"सुलूकाकी, मी दिसत नाय काय गो?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "दिसतेस. दिसतंय मला."

ते शब्द बाहेर पडले आणि मी हँडब्रेक ओढला. कारण हे मी आधी म्हणाले होते. ह्याच गाडीत, त्या सकाळी, तुला दम लागला होता आणि मी तुला हॉस्पिटलला नेत होते. तुला श्वास पुरत नव्हता. तरी भाट्याच्या पुलाच्या अलीकडे तू माझ्या हातावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "डावीकडे माणूस आहे, सुले." आणि मी, मला घाई झालेली, भीती वाटत होती, मी तुझ्यावर खेकसले. "दिसतंय मला, तू गप बस."

आक्का, मला तो दिसला नव्हता.

हे तुला सांगायचं राहिलं. तू म्हणालीस म्हणून मी चाक फिरवलं, आणि मग काचेतून मागे गेलेली, उन्हासाठी उघडलेली त्याची छत्री तेवढी दिसली. तुझ्या त्या श्वासांतला एक माझ्यासाठी खर्च झाला आणि मी त्याला गप बस म्हणाले.

सड्यावर गाडी उभी केली. मी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "दहा मिनिटं." बंड्याने कशाला म्हणून विचारलं नाही. त्याने फोनसुद्धा काढला नाही. आम्ही कातळावर बसलो. माझ्या घड्याळातला काटा हलत होता आणि मी बघत होते की डावा डोळा मिटला तर सगळं स्वच्छ, उजवा मिटला तर माडांच्या जागी धुरकट हिरवं काहीतरी. हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. डोळा चोळला की बरं वाटतं, असं मी स्वतःला दोन वर्षं सांगत होते.

दहा मिनिटं झाल्यावर त्याला पट्टी ओढायला लावली. पुसायला लावली, घालायला लावली, परत ओढायला लावली. खालच्या खुणेच्या जरासं वर ऑइल, सोनेरी-काळं, खडखडीत निरोगी. "आता सांग, इंजिन गेलंय?" तो म्हणाला, "मग काल?" मी त्याला उताराची गोष्ट सांगितली, डब्यातलं पाणी सांगितलं. लसणाचंही सांगितलं. तो डोक्याला हात लावून हसायला लागला, अगदी तुझ्या हसण्यासारखं, आधी खांदे आणि मग आवाज.

"थोडं घाल," मी म्हणाले. "पाव लिटरच्या वर नाही. फनेल लाव. हात सैल सोडू नको, ही समई नाही."

त्याने ओतलं. नव्या पँटवर एक थेंब पडला तो मी बघितला, त्याला सांगितला नाही. ऑइल खाली उतरायला पुन्हा थांबायचं होतं. त्या दुसऱ्या थांबण्यात तो कातळाकडे बघत म्हणाला, "आईने सांगितलं होतं, काकी. गाडी विक म्हणून. तुला कळू देऊ नको म्हणाली."

"का?"

"म्हणाली, सुलीच्या डाव्या डोळ्याचं काम मी करत होते. आता कोण करणार. तिला सांगितलं तर ती भांडेल आणि मग मुद्दाम चालवेल."

मग तो रडला, आक्का. तुझ्या तेराव्याला रडला नव्हता. पन्नास वर्षांचा बाप्या, ऑइलचा फडका तोंडाला लावून. मी त्याला तो फडका लावू दिला. काळा पट्टा उमटला, तुझा उमटला होता तसा.

खाली येताना त्याने चालवली. मी तुझ्या सीटवर बसले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि बघितलं की डावा गडगा तिथून किती जवळ दिसतो. चिऱ्यांवरचं शेवाळ मोजता येतं. प्रत्येक वळणाला माझा पाय आपोआप खाली दाबला जात होता, ब्रेक नसलेल्या जागी. तू दर शनिवारी ह्या जागेवर बसत होतीस, मांडीवर डबा धरून. आणि माझ्याशी गप्पा मारताना, मधेच, सहज म्हटल्यासारखं म्हणायचीस, "पेरूला बहर आलाय बघ त्या डावीकडच्या," "डावीकडच्या घरी नवीन कौलं घातली." मला वाटायचं म्हातारपणी तुला वाडीतल्या चौकशा फार सुटल्या आहेत. मी तुझी टिंगलसुद्धा केली होती त्यावरून.

उपकार मानते. हे एकदाच म्हणते, परत म्हणणार नाही.

पण रागही आहे. तोंडावर का नाही सांगितलंस? हो, भांडले असते. वस्तू आपटल्या असत्या, चार दिवस तुझ्या ताटात भात कमी वाढला असता. मुद्दाम एक फेरी हातखंब्याला मारली असती. आणि पाचव्या दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले असते. पन्नास वर्षांत तुला एवढं कळलं नाही की मी आधी नाही म्हणते? तुझ्या प्रत्येक गोष्टीला आधी नाहीच म्हणाले मी. सड्याला जायलासुद्धा.

तुला वाटलं असेल, सुलीकडून एक गाडी काढून घेतली तर सुली जगेल. तसं नाही ते. मी माडांच्या सावलीत खुर्ची टाकून, मुलांच्या फोनची वाट बघत, भाजीवाला कधी येतो ते विचारत बसले, तर सहा महिन्यांत तुझ्या मागोमाग येईन आणि तिथे तुझं डोकं खाईन. त्यापेक्षा मला इथे बिझी असू दे. ते तुझ्याही फायद्याचं.

बंड्याने किल्ली ठाण्याला न्यायची म्हटली. मी दिली नाही. तो म्हणाला, "मग शब्द दे." शब्द दिला, की डॉक्टर हो म्हणेपर्यंत चाकापाशी बसणार नाही. तोवर शनिवारी पार्वतीचा नवरा गाडी वर नेतो, मी शेजारी बसते. पार्वती आधी तयार नव्हती. मी तिच्या घरी जाऊन तिच्यासमोर म्हणाले की त्या दिवशी तू मला दिसली नव्हतीस, मी खोटं बोलले. तिने चहा टाकला. सत्तर वर्षांत "मला दिसत नाही" हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले, आणि आकाश कोसळलं नाही. साखर मात्र फार घालते ती चहात.

भंगारवाला आला होता. त्याला मी बेड्यातूनच परत पाठवला. गाडीच्या आडवी उभी राहिले, हातात कोयता होता. नारळ सोलत होते म्हणून, दुसरं काही नाही. पण त्याने तो बघितला.

काल डॉक्टरकडे जाऊन आले. एसटीने, हे लिहून ठेव कुठेतरी. तरणा डॉक्टर, नीट बोलतो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, म्हणाला, बराच पिकलाय, इतके दिवस कुणाच्या भरवशावर काढलेत? मी म्हणाले, "जावेच्या." त्याला ते कळलं नाही. कळायची गरज नव्हती.

त्याने वही उघडली आणि पुढल्या महिन्यातली तारीख सांगितली. मी म्हणाले, अलीकडची द्या. म्हणाला, "आजी, एवढी घाई कसली? काही वाचायचंय का, टीव्ही बघायचाय?"

"गाडी चालवायची आहे."

तो हसला. मी हसले नाही. मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं, वहीची दोन पानं मागे उलटली, आणि बुधवार दिला.